अंजनाबाईची दहा बोटं

मित्रांनो, परवा तुमच्या शाळेची मुलं रांगेनं हे ठाणं बघायला आली होती, तेव्हा मी काचेच्या कपाटातून तुम्हाला बघत होते. बेड्यांपाशी तुम्ही खूप वेळ रेंगाळलात. जुन्या बंदुकीपाशी तर तुमच्यात भांडणच जुंपलं. माझ्यापाशी दोन वेण्या घातलेली एकच मुलगी थांबली आणि म्हणाली, "ही सुपारीची ताटली इथं कशाला ठेवलीय?" बाकीचे खिदळले आणि पुढं गेले. मला राग आला नाही. इतकी वर्षं गप्प बसलेल्या वस्तूला कुणी काहीही समजावं. पण आज सांगतेच. मी एक जुनी पितळी पाटी आहे. माझ्यावर कुणी अक्षरं गिरवली नाहीत. माझ्यावर शाई पसरायची, त्या शाईत माणसाचं बोट घोळवायचं आणि मग ते कागदावर टेकवायचं, हे माझं काम होतं. बोटांचे ठसे घेण्याची पाटी मी.

माझा जन्म साताऱ्यातल्या एका तांबटाच्या दुकानात झाला. एका लग्नघरच्या पराती घडवून झाल्यावर पत्र्याचा जो तुकडा उरला, ती मी. वीतभर लांब आणि चार बोटं रुंद. त्यानं मला ठोकून सपाट केलं, घासून आरशासारखं केलं आणि सागवानी फळीवर चार स्क्रूंनी घट्ट बसवलं. कधीकधी वाटतं, थोडी मोठी असते तर परात झाले असते. रोज सकाळी माझ्यात पीठ मळलं असतं, बायकांच्या हातांत गेले असते. पण नशिबात पोलीस खातं होतं. एक रबरी रूळ, शाईची एक नळी आणि मी, अशी आमची तिघांची पेटी आटपाडीच्या बाजूच्या एका लहानशा ठाण्यात येऊन पडली.

तिथं माझे दिवस मजेत गेले, खोटं कशाला बोलू. बैल चोरणारे, विहिरीवरची इंजिनं उचलणारे, बाजारात खिसे कापणारे, सगळ्यांची बोटं माझ्यावरून गेली. कडेगावकडचा एक बैलचोर होता. त्यानं तीन गावांत तीन नावं सांगितली होती, एका ठिकाणी मिशी ठेवली होती, एका ठिकाणी काढली होती. पण त्याचे ठसे पुण्याच्या कचेरीत गेले आणि आठ दिवसांत त्याचं सगळं बिंग फुटलं. तेव्हा फौजदारसाहेबांनी मला टिचकी मारली आणि म्हणाले, "ही बाई कधी खोटं बोलत नाही." मला ते शब्द चढले. माणूस नाव बदलतो, गाव बदलतो, बोट बदलत नाही, असं मला अगदी पक्कं वाटू लागलं. मी त्या गर्वात बरीच वर्षं होते.

मला सांभाळायचे ते हंबीरराव हवालदार. पूर्वी पलटणीत होते, पेन्शन घेऊन पोलिसांत आले होते. अंगानं आडवे, मिशा जाड, पण ठसे घेताना त्यांचा हात एखाद्या सुइणीसारखा हलका. काम झालं की रॉकेलच्या चिंधीनं मला पुसायचे, मग कोरड्या फडक्यानं, मग आपल्या शर्टाच्या बाहीनंसुद्धा. समोर चोर असो की साव, ते एकच वाक्य बोलायचे. "बोट सैल सोडा. ते तुमचं न्हाई, माझं हाय असं समजा." आणि खरंच, भल्याभल्या दांडग्यांची बोटं त्यांच्या हातात सैल पडायची.

चौऱ्याहत्तर सालच्या पौषात एक जोडपं ठाण्याच्या पायरीशी येऊन उभं राहिलं. आत यायला धजेनात. पुरुष पस्तिशीचा, उंच, खांदे थोडे पुढं झुकलेले. बाईनं डोक्यावरचा पदर दातात धरलेला. दोघांच्याही अंगावर, केसांत, भुवयांत पांढरी भुकटी होती.

"आरं, आत या की," हंबीरराव म्हणाले. "काय चोरी झाली?"

"चोरी न्हाई सायेब," पुरुष म्हणाला. "पोरगी घ्यायची हाय."

हंबीरराव खुर्चीतून अर्धे उठले. मग त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढून दिला, तेव्हा उलगडा झाला. त्याचं नाव आकाराम कांबळे, तिचं अंजना. माळावरच्या चुन्याच्या भट्टीवर दोघं मजुरीला होती. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. साताऱ्यातल्या एका बालकाश्रमातून तीन वर्षांची एक मुलगी त्यांना दत्तक घ्यायची होती. आश्रमानं मुलगी त्यांच्या नावानं राखून ठेवली होती, पण सहा महिनेच. तेवढ्या मुदतीत पोलिसांकडून दोन गोष्टी यायला हव्या होत्या. एक, नवराबायको दोघांच्या दहाही बोटांचे ठसे पुण्याला तपासून, दोघांवर कसला गुन्हा नाही असा दाखला. दुसरी, घराची आणि चालचलणुकीची चौकशी.

मित्रांनो, हा नियम वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्या आश्रमातून पूर्वी एका माणसानं खोटं नाव सांगून एक पोरगा नेला होता. दोन वर्षांनी कळलं, की पोरगा एका खाणावळीत भांडी घासतोय आणि तो माणूस तुरुंगातून सुटून आलेला आहे. तेव्हापासून आश्रमवाल्यांनी ठरवलं होतं की ठशांशिवाय लेकरू द्यायचं नाही. त्यांचं काय चुकलं? मला तर अभिमानच वाटला. आजवर चोर पकडून दिले, आता एका लेकराला आईबाप देणार, असं म्हणत मी मनात फुगले.

हंबीररावांनी रूळ फिरवून माझ्यावर शाईचा पातळ थर दिला. आधी आकारामची बोटं घेतली. भट्टी पेटवायचं आणि दगड फोडायचं काम त्याचं, त्यामुळे बोटांना घट्टे होते, एकदोन चिरा होत्या, पण ठसे ठीक उठले. मग अंजनाबाई पुढं आली. हंबीररावांनी तिचा अंगठा माझ्यावर घोळवला.

आणि मी दचकले.

माझ्यावरून हजारो बोटं गेली होती. प्रत्येकाला बारीक रेषा असतात, शेतातल्या सऱ्यांसारख्या एकीला एक लागून. त्या मला लगेच जाणवतात. हिच्या बोटाला रेषाच नव्हत्या. काचेची गोटी फिरावी तसं ते बोट माझ्यावरून गुळगुळीत फिरून गेलं. कागदावर टेकवलं तर नुसता काळा डाग. दुसरं बोट, तिसरं बोट, दहाही बोटं तशीच. हंबीररावांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला.

"ताई, तुमी भट्टीवर काय करता?"

"चुना इझवती," ती म्हणाली. "पानी मारून फोडायचा, चाळायचा, पोती भरायची. धा वरसं झाली."

"हातानं?"

"मग कशानं वं?"

तिला प्रश्नच कळला नव्हता. चुन्यानं तिच्या बोटांची वरची कातडी पुन्हा पुन्हा खाल्ली होती. ती मात्र दोन्ही हात पुढं धरून हसत होती. म्हणाली, "साताऱ्याला गेलो तवा त्या पोरीनं ह्येच बोट धरलं हुतं. येसू नाव हाय तिचं. गालावर घासून घासून बघत हुती. लय आवडलं तिला. सोडंचना. आश्रमाच्या बाई म्हनल्या, एवढी कुनाकडं जात न्हाई ती."

हंबीररावांनी कागद पुण्याला पाठवून दिला. मला ठाऊक होतं काय होणार ते. फाल्गुनात उत्तर आलं. आकारामचे ठसे चालले होते, गुन्हा नव्हता. अंजनाबाईचे 'अस्पष्ट, पुन्हा घेणे.'

दुसऱ्यांदा ती दोघं आली तेव्हा हंबीररावांनी बराच वेळ घेतला. शाई पातळ केली, मग जाड केली. तिचे हात गरम पाण्यानं धुवायला लावले. बोट हळू दाबलं, मग जोरात. एकदा तर त्यांनी मला दोष दिला, "पाटी झिजली काय गं तू?" मला लागलं ते. मी झिजले नव्हते. मला बोलता आलं असतं तर सांगितलं असतं, की अहो, ती बाई खरी आहे, तिचा हात खरा आहे, मी तिला हजार हातांत ओळखीन. पण पुण्याला माझी साक्ष चालत नाही. तिथं कागदावरच्या रेषा लागतात. वैशाखात तोच शेरा लागून तोही कागद परत आला.

सहा महिन्यांतले चार गेले होते.

हंबीररावांनी मग तालुक्याच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, की कातडी पुन्हा धरते, रेषाही पुन्हा वर येतात, पण हाताला महिना-दीड महिना विश्रांती हवी. हे ऐकून हंबीरराव असे खूश झाले, जणू त्यांनाच मुलगी मिळणार होती. जोडपं आलं तेव्हा त्यांनी ताकीदच दिली.

"अंजनाताई, आता दीड म्हैना भट्टीवर पाय ठेवायचा न्हाई. रोज हाताला खोबरेल लावायचं. कळलं?"

"भट्टीवर न्हाई जायाचं," तिनं मान डोलावली.

"आकाराम, तुला एकट्याला वढावं लागंल गड्या."

"वढतो की सायेब. दोन पाळ्या करतो."

"आणि हे बघा," हंबीरराव म्हणाले, "या खेपेला तुमी इतकं लांब चालत येऊ नका. मीच तुमच्याकडं येतो. घराची चौकशी बी हाय, ठसं बी घेतो. एकाच फेरीत दोन्ही कामं. ह्या फारमावर काय लिवलंय बघा, 'घर स्वच्छ व नीटनेटके आहे काय?' तवा घर तेवढं जरा चांगलं करून ठेवा."

मित्रांनो, तो माणूस माझ्या पाहण्यातला सगळ्यात भला माणूस होता. आणि त्यानं हे सगळं तिच्या भल्यासाठी सांगितलं. तरी आजही ते वाक्य आठवलं की माझं पितळ आतून गार पडतं. तेव्हा मात्र मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मीही खुळी, नुसती दिवस मोजत बसले.

ज्येष्ठ संपता संपता हंबीररावांनी आमची पेटी पिशवीत घातली, पिशवी सायकलला अडकवली आणि आम्ही निघालो. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ठाण्याबाहेर पडले होते. सायकल खडकाळ वाटेवर उडत होती, हंबीरराव पलटणीतलं कुठलंसं गाणं गुणगुणत होते. वाडीच्या तोंडाशी पोलीस पाटील नानासो भेटले. त्यांनी न विचारताच सांगितलं, "हवालदार, लिवून घ्या, चोख मानसं हाईत. आकाराम दारूला शिवत न्हाई, ती कुनाशी वाकडं बोलत न्हाई." हंबीररावांनी ते तिथंच सायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहून घेतलं. म्हणाले, "चला, निम्मं काम झालं."

घरापाशी आलो. हंबीररावांनी पिशवीतून मला बाहेर काढलं आणि तसेच हातात धरून उभे राहिले. त्यांचं गाणं थांबलं.

घर पांढरंशुभ्र होतं. बाहेरून, आतून, चुलीमागची भिंतसुद्धा. बुद्धाची तसबीर उतरवून, मागं रंगवून, पुन्हा नीट टांगलेली. जमीन सारवलेली. कोपऱ्यात एक लहानशी वाकळ घडी करून ठेवलेली, तिच्यावर एक लाकडी बैल. अंजनाबाई दारात उभी होती, आनंदानं नुसती उजळली होती.

"या दादा. बगा, फारमात लिवल्यापरमानं हाय का घर."

"चुना कुनी दिला घराला?" हंबीररावांनी हळूच विचारलं.

"म्या! दुसरं कोन देनार? ह्ये तर रातध्याड भट्टीवर. चार दीस लागलं. भट्टीवर मातूर म्या पाय ठेवला न्हाई हां. तुमी सांगितलं हुतं. दीड म्हैना झाला, एक दीस न्हाई."

"कुंच्यानं दिला का?"

"वरची भित कुंच्यानं. खालची हातानं घोटली." तिनं कमरेच्या खाली हात नेऊन उंची दाखवली, तीन वर्षांच्या पोरीएवढी. "कुंच्यानं खडबडीत ऱ्हाती वं. पोरगी भितीला धरून फिरंल, तिच्या हाताला खरचटायला नगं. हात लावून बगा."

हंबीररावांनी हात लावला नाही. ते उंबऱ्यावर बसले.

भट्टीवर जायचं नाही, एवढंच तिला सांगितलं होतं आणि तिनं ते अगदी तंतोतंत पाळलं होतं. भट्टी म्हणजे काम, मजुरी. घराला चुना देणं हे काही काम आहे असं तिच्या मनालासुद्धा शिवलं नव्हतं. दीड महिना खोबरेल लावून कशाबशा वर आलेल्या रेषा तिनं चार दिवसांत भिंतीला घोटून टाकल्या होत्या.

तरीही हंबीररावांनी मला शाई लावली. बोट सैल सोडा, असं म्हणाले नाहीत. तिचा अंगठा माझ्यावर टेकला. गुळगुळीत. मी तो घट्ट धरून ठेवायचा प्रयत्न केला, हसू नका, पितळेच्या पाटीला जेवढं धरता येईल तेवढं मी धरलं. एखादी तरी रेष सापडावी म्हणून. कागदावर काळा डाग उठला, आणि तो बघून अंजनाबाईला कळलं. तिनं एकदा हाताकडं बघितलं, एकदा भिंतीकडं, आणि खाली बसली.

तिची जाऊ मनुबाई शेजारीच राहायची. ती दाराशी येऊन सगळं बघत होती. ती एकदम पुढं आली आणि आपले दोन्ही हात हंबीररावांपुढं धरून म्हणाली, "माजी घ्या की वं दादा. म्या शेतात जाती, माज्या बोटाला समदं हाय. धा बोटं ती धाच. कोन बगतंय पुन्याला?"

हंबीररावांनी तिचा हात धरला. खरंच धरला. तो हात माझ्यापासून चार बोटांवर होता. मित्रांनो, मी कधी खोटं बोलत नाही म्हणून मिरवणारी पाटी, पण त्या क्षणी मी मनापासून म्हणत होते, टेकवा, टेकवा तो हात माझ्यावर. कोण बघतंय? एका लेकराला आई मिळेल. मला त्या वेळी असं वाटलं याची मला आजही लाज वाटत नाही.

त्यांनी हात सोडून दिला.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "उद्या कुनी दुसरा असंच करून पोर न्हेईल, आन् ते पोर कुटं जाईल आपल्याला ठावं न्हाई. माज्याच्यानं हुनार न्हाई."

परतताना ते सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालले. रस्ताभर स्वतःशीच पुटपुटत होते, "मीच म्हनलो घर चांगलं करा. मीच म्हनलो."

त्यांनी हातपाय गाळले नाहीत. पाच पानांचा अहवाल लिहिला. 'सदर बाई चुन्याच्या भट्टीवर दहा वर्षे मजुरी करते, त्यामुळे बोटांवरील रेषा झिजल्या आहेत, वर्तणूक उत्तम आहे, घर स्वच्छ आहे,' असं सगळं. घर स्वच्छ आहे, हे लिहिताना त्यांची लेखणी अडखळली, ते मी पाहिलं. फौजदारसाहेबांनी शिफारस केली. साताऱ्याहून उत्तर आलं, आपल्या अडचणीबद्दल सहानुभूती आहे, पण ठशांशिवाय नियमात बसत नाही, मुदत वाढवता येत नाही. आषाढाच्या अखेरीस आकारामला एक पत्र आलं. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तो ते ठाण्यात घेऊन आला. हंबीररावांनी ते आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं. येसू सांगलीच्या एका जोडप्याला दत्तक दिली गेली होती.

आकारामनं पत्राची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, "तिला तुमी सांगू नगा सायेब. म्या सांगतो. बगून सांगतो."

त्याचं बघून सांगणं काही झालं नाही. मुदत वाढली आहे, असंच ती समजून होती. श्रावण गेला, दसरा गेला. थंडी पडायला लागली आणि एके दिवशी अंजनाबाई ठाण्याच्या पायऱ्या धडाधड चढून आत आली. पहिल्या दिवशी आत यायला घाबरणारी ती हीच का, असं मला वाटलं. जुन्या लुगड्याच्या दोन पिशव्या शिवून तिनं दोन्ही हातांत घातल्या होत्या. आकाराम मागं उंबऱ्याशीच थांबला, मान खाली घालून.

"घ्या दादा," ती म्हणाली. "आता उठत्यात. चुन्याला शिवली न्हाई. राखेला बी न्हाई. भांडी बी जाऊच घासती."

तिनं पिशव्या काढल्या. हंबीररावांनी आकारामकडं बघितलं. आकारामनं मान वर केली नाही. तेव्हा हंबीररावांना काय करावं ते सुचेना, आणि सुचेना तेव्हा माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. आपलं काम केलं. नळीतून शाई काढली, रूळ फिरवला. "बोट सैल सोडा," ते म्हणाले, एवढंच, आणि तिचा हात हातात घेतला.

तिचा उजवा अंगठा माझ्यावर आला आणि मला रेषा लागल्या. बारीक, कोवळ्या, पण एकूणएक. माझ्यावरून गेलेल्या हजारो बोटांत इतकी सुंदर बोटं मी पाहिली नाहीत. अंगठ्यावर चक्र होतं. तर्जनीवर शंख. दहाही बोटं कागदावर स्वच्छ उठली. अंजनाबाई वाकून एकेक बघत होती.

"माज्या बोटावर ह्ये समदं हुतं व्हय!" ती म्हणाली. "म्या तर कवा बघितलंच न्हवतं." मग विचारलं, "आता किती दिसांनी ईल वं ती?"

हंबीररावांनी रूळ पुसायला घेतला.

"आवं, बोला की."

"अंजे," उंबऱ्यावरून आकाराम म्हणाला, "पोर गेली गं. आखाडातच गेली. सांगलीला."

ती वळली नाही. माझ्याकडंच बघत राहिली. माझ्यात तिचा चेहरा दिसत होता, शाईमुळे काळा.

"मग मला ही बोटं कशापायी जपू दिलीत?"

"तू हाताला तेल लावताना गानी म्हनत हुतीस," तो म्हणाला. "चौदा वरसांत कवा आयकली न्हवती. मला मोडवंना."

हंबीरराव घाईघाईनं बोलू लागले. "ताई, अजून येळ गेली न्हाई. दुसरं लेकरू असंल. परत अर्ज करू. मी सोता साताऱ्याला जातो."

"ह्ये ठसं चालतील?"

"न्हाई, अर्जाला तिथं दोन वर्सं लागत्यात. ठसं त्या टायमाला नवं लागतील."

"म्हंजी तवर हात असंच ठेवायचं," ती म्हणाली. ती रागावलेली नव्हती. हिशेब कळल्यासारखं बोलत होती. "ह्यांची छाती भरतीया दोन पाळ्यांनी. म्या उद्यापासनं भट्टीला जायाला पायजे." मग म्हणाली, "त्या सांगलीच्या बाईचं बोट गुळगुळीत हाय का न्हाई कुनाला ठावं. पोरीला तसंच लागतं."

हंबीररावांनी शाई पुसायला रॉकेलची चिंधी पुढं केली. तिनं घेतली नाही. तशीच काळ्या बोटांनी पदर सावरत ती पायऱ्या उतरली, आणि आकाराम तिच्या मागून, दोन पावलं अंतर ठेवून. ती परत कधी ठाण्यात आली नाही. पुढं एकदा नानासो पाटील आले होते तेव्हा बोलता बोलता म्हणाले, की भट्टीवरच आहे, पोती भरते.

तो कागद पाठवायला जागा नव्हती. फाडायला हंबीररावांचा हात होईना. त्या दिवशी सगळे गेल्यावर त्यांनी माझे चारही स्क्रू काढले, मला फळीवरून उचललं, कागदाची घडी करून फळीवर ठेवली आणि वरून मला पुन्हा बसवलं. चारही स्क्रू घट्ट पिळले. मला पुसलं, आधी रॉकेलनं, मग फडक्यानं, मग बाहीनं. पुढं ते रिटायर झाले. माझ्यानंतर काचेच्या पाट्या आल्या, मी कपाटात गेले. पितळ काळवंडलं, रुळाचं रबर तडकून गळालं.

मित्रांनो, जुन्या वस्तू बोलायला लागल्या की शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आमच्यावर धूळ बसू देऊ नका. माझ्यावर बसू दे धूळ. मी नियमाचीही तक्रार करत नाही, तो लेकरांसाठीच होता. पण पुढं तुमच्यातलं कुणी मोठं होऊन टेबलाच्या पलीकडं बसेल, हातात असाच एखादा फारम असेल, आणि समोर उभ्या राहिलेल्या माणसाचं बोट कागदावर उठणार नाही. तेव्हा कागद परत करायच्या आधी त्याला विचारा, तुम्ही काय काम करता. आणि तो काय करतो ते कळलं, की काय करू नका तेही नीट, पुरतं सांगा. आम्ही ते पुरतं सांगितलं नाही.

आणि एक मागणं आहे. पुढच्या खेपेला आलात तर ती दोन वेण्यांची मुलगी आणा. इथल्या हवालदारांकडून एक पेचकस मागून घ्या आणि मला फळीवरून उचला. चारच स्क्रू आहेत. खाली एक पिवळा कागद निघेल, त्यावर नाव आहे. तो उजेडात धरून बघा. दहाच्या दहा उठली आहेत.